डिझेल इंजिन नीट गरमच होत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो ‘चांगलंच आहे’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ९ वर्षं जुनी, १.३ लिटर डिझेल हॅचबॅक, रोज ठाणे ते फोर्ट. दोन महिन्यांपासून टेम्परेचरचा काटा पाव भागाच्या वर जात नाही, सायनच्या बाजूला ट्रॅफिकमध्ये अडकलात की जरा वर चढतो, ईस्टर्न फ्रीवे लागला की परत खाली बसतो. ॲव्हरेज १८ चं १४ वर आलं. आणि जवळचा मेकॅनिक म्हणतो, साहेब गाडी थंड चालते हे तर चांगलंच, मुंबईत गरम होऊन बंद पडणाऱ्या गाड्या बघा किती असतात.

नाही हो, चांगलं नाहीये. २६ वर्षं डिझेलच्याच गाड्यांत हात काळे केलेत मी, परळला शिकलो आणि आता भांडुपला स्वतःचं गॅरेज आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो, कारण यात गाडीचं आयुष्य कमी होतं आणि मालकाला कळतही नाही. गरम झालेली गाडी वाफ काढते, दिवा लागतो, रस्त्यात उभी राहते, त्यामुळे मालक धावत येतो. थंड चालणारी गाडी काही बोलत नाही, गुपचूप डिझेल पिते आणि आतून झिजते.

इंजिन ८५ ते ९५ डिग्रीच्या मध्ये चालावं असं धरूनच त्याच्या आतली सगळी मापं काढलेली असतात, पिस्टन आणि लायनर (सिलेंडरची आतली भिंत) यांच्यामधली जागा, ऑईलचा पातळपणा, सगळं. ६० वर चाललं की ऑईल जाड राहतं, इंजिनचा जोर ते ढवळण्यात जातो, थंड लायनरवर डिझेलचा थोडा भाग न जळता चिकटतो आणि रिंगवरून खाली ऑईलमध्ये उतरतो. जळताना जे पाणी तयार होतं त्याची वाफही ऑईलमध्ये थिजते, ती उडून जायला ऑईल गरम व्हावं लागतं ना, ते होतच नाही. ऑईल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळसर साईसारखं काही चिकटलेलं असेल तर तेच ते. (साय दिसली की लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं म्हणून घाबरू नका, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होत नसेल तर बहुतेक वेळा हा थंडपणाच असतो.) त्यात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून सकाळचं थंडच आहे, म्हणून ते डिझेलचा हिशोब, टायमिंग, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) सगळं थंड इंजिनच्या हिशोबाने चालवत राहतं. तुमचं ॲव्हरेज गेलं ते असं, दोन्हीकडून.

मुंबईत हे लक्षात न येण्याचं एक कारण म्हणजे आपण हीटर लावतच नाही. थंडीच्या प्रदेशात हीटरमधून कोमट हवा आली की माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेजला जातो. आपल्याकडे कधी डिसेंबरात महाबळेश्वरला गेलात तरच कळणार.

आता तपासणी. मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो, कारण लोक सरळ थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बदलून मोकळे होतात आणि दहातल्या दोन-तीन गाड्यांत दोष तिथे नसतोच.

गार गाडीत कूलंटचं लेव्हल आधी बघून घ्या, कारण पुढे सांगतो. मग पहिला प्रश्न, इंजिन खरंच थंड आहे की फक्त थंड दाखवतंय? काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ७५ ते १०५ पर्यंत तो मधेच उभा राहतो, मालकाला उगाच धडधड नको म्हणून. म्हणजे काटा मध्याच्या खाली आला की आतलं तापमान बऱ्यापैकी पडलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा दिवा, तो विझला की संपलं. म्हणून ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा) ब्लूटूथ डोंगल घ्या, काही शे रुपयांत मिळतो, मोबाईलवर ॲप टाका आणि कूलंटचं तापमान आकड्यात बघा. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, फक्त इग्निशन ऑन, स्टार्ट करायची नाही. कूलंट टेम्परेचर आणि इनटेक एअर टेम्परेचर (इंजिनात येणाऱ्या हवेचं) असे दोन आकडे दिसतील, ते दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, बाहेर २७ असेल तर दोन्ही २७ च्या आसपास, दोन-तीन डिग्रीचा फरक चालतो. कूलंट १२ दाखवत असेल तर मुंबईत १२ डिग्री कुठून येणार, म्हणजे सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय. बिघाडाचा कोड पण त्याच ॲपवर बघून ठेवा, पी०१२८ असेल तर त्याचा अर्थ पाणी पाहिजे तेवढं तापत नाही एवढाच, थर्मोस्टॅट गेला असा नाही, तो कोड सेन्सर बिघडला तरी येतो.

मग गाडी चालवा. उभ्या गाडीत तपासू नका. डिझेल इंजिन न्यूट्रलला उभं असताना इतकं कमी डिझेल जाळतं आणि वर हवा पूर्ण आत घेतं, की त्याला गरम व्हायला फार वेळ लागतो, २० मिनिटं बिल्डिंगखाली चालू ठेवली तरी ६५-७० च्या वर न जाणाऱ्या चांगल्या गाड्या मी बघितल्यात. त्यावरून काही सिद्ध होत नाही, उलट डिझेल वाया जातं आणि वॉचमनचे फुफ्फुस काळे होतात. आपल्या हवेत चालती गाडी साधारण ६ ते ८ किलोमीटरमध्ये ८० पार करायला हवी.

आता हाताची परीक्षा, ही मला सगळ्यात आवडते कारण यात मशीन लागत नाही. रेडिएटरला वरून येणारा जाड होस पाईप शोधा. सकाळी स्टार्ट करा, एक चक्कर मारून या, स्कॅनरवर, म्हणजे त्याच डोंगलच्या ॲपवर, ५५-६० दिसलं की बोनेट उघडून त्या पाईपला हात लावा. (पंखा आणि बेल्टपासून लांब, शर्टाची बाही गुंडाळून, पंखा कधीही सुरू होतो.) थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन ६० वर असूनही रेडिएटरकडचं टोक गार किंवा जेमतेम कोमट असेल, कारण दरवाजा बंद आहे, पाणी रेडिएटरकडे जातच नाहीये. परत फिरवून आणा, ८५ च्या आसपास दोन-तीन मिनिटांत तोच पाईप एकदम चटका देईल. ते ‘एकदम’ महत्त्वाचं आहे. इंजिनाबरोबर पाईपही हळूहळू, ४०, ५०, ६० असा गरम होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, दुसरं काही शोधू नका. फक्त एक लक्षात ठेवा, काही इंजिनात थर्मोस्टॅट खालच्या पाईपाकडे, पाणी परत येतं त्या बाजूला असतो. तिथे वरच्या पाईपावरून निकाल लावला तर फसाल, तिथे खालचा पाईप आणि रेडिएटरचं अंग बघायचं. आपल्या गाडीत कुठे आहे ते आधी बघून घ्या. इन्फ्रारेड गन असेल तर वापरा पण ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, भलताच कमी आकडा देते, काळ्या रबरावर धरा.

तुम्ही स्वतःच जे लिहिलंय, जॅममध्ये वर आणि फ्रीवेवर खाली, ते फार कामाचं लक्षण आहे. सेन्सर खोटं बोलत असेल तर तो जॅममध्येही खोटंच बोलेल आणि फ्रीवेवरही. तापमान वाऱ्याबरोबर पडतंय याचा अर्थ पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय आणि समोरून येणारा वारा ते गार करतोय. थर्मोस्टॅट बंद होत असता तर वाऱ्याला त्या पाण्यापर्यंत पोचताच आलं नसतं. तरी खात्री करा. चेंबूरला फ्रीवेवर चढताना आकडा बघा आणि पी. डिमेलो रोडला उतरताना बघा, मध्ये साधारण १३-१४ किलोमीटर सिग्नल नाही, एकसारख्या स्पीडने जाता येतं, मुंबईत यासाठी याहून चांगला फुकटचा रस्ता नाही. मोबाईल बाजूला बसलेल्याच्या हातात द्या, स्वतः बघत चालवू नका. चढताना ८० आणि उतरताना ६२ असेल तर मी न बघता सांगतो थर्मोस्टॅट. दोन-चार डिग्री वरखाली व्हायचंच, ते सोडून द्या.

पण सेन्सरवालं प्रकरण कसं दिसतं ते पण सांगतो, कारण पावसाळ्यानंतर हे माझ्याकडे दर वर्षी येतं. मागे कुर्ल्याची एक गाडी आली, गुडघाभर पाण्यात एक रात्र उभी होती. स्कॅनरवर ४८ डिग्री, आणि वरच्या पाईपाला हात धरवत नव्हता. दुसरीकडे थर्मोस्टॅट नवा टाकून झाला होता, फरक शून्य. सेन्सरचा कनेक्टर काढला तर दोनपैकी एका पिनवर हिरवा थर, तांब्याच्या जुन्या भांड्यावर कळकतो तसा, नखाने खरवडला की पूड पडते. हे सेन्सर असे असतात की गरम झाले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. साधारण २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम आणि ८०-९० ला दोनशे-तीनशेच्या घरात, गाडीप्रमाणे थोडं इकडे तिकडे. आता त्या हिरव्या थराने मधेच चारशे-पाचशे ओहम वाढवले की ईसीयूला वाटतं सेन्सर थंड आहे. पिन बदलली, नवीन कनेक्टर लावला, ८७ दिसायला लागलं. तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर सेन्सर काढून गरम पाण्यात धरा आणि ओहम बघा, पाणी थंड होत जाईल तसा आकडा सरळ वाढत गेला पाहिजे, उड्या मारता कामा नये. सेन्सर ठीक निघाला तर दोष वायरमध्ये.

यातच एक धोक्याची गोष्ट. कूलंट खूप कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सर पाण्यात बुडतच नाही, हवेत लटकतो, आणि इंजिन तापत असतानाही आकडा कमी दाखवतो. म्हणून सगळ्याच्या आधी, गाडी पूर्ण गार असताना, बाटलीतलं लेव्हल बघा. गरम असताना झाकण उघडू नका, आत प्रेशर असतं, मी एका पोऱ्याचा हात भाजलेला बघितलाय, कोपरापर्यंत.

पंख्याबद्दल पण विचारलं होतं तुम्ही, कोणीतरी पंखा डायरेक्ट केलाय आणि इग्निशन बरोबर फिरतो, त्याने थंड राहत असेल का. डायरेक्ट पंखा चुकीचाच आहे, मोटर लवकर जाते, तो पूर्ववत करून घ्या. पण एकटा पंखा इंजिन ६० वर आणू शकत नाही. थर्मोस्टॅट बंद असताना पंखा रेडिएटरमधलं पाणी कितीही गार करो, ते पाणी इंजिनकडे जातच नाही. पंखा डायरेक्ट आणि इंजिन थंड या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मला वेगळाच संशय येतो, की पूर्वी कधीतरी गाडी तापली होती, तेव्हा कोणीतरी पंखाही डायरेक्ट केला आणि थर्मोस्टॅटही काढून फेकला.

हे थर्मोस्टॅट काढणं म्हणजे आपल्याकडचा जुना रोग. ‘मुंबईत काय गरज आहे, थंड देशातली वस्तू ती.’ माझे उस्ताद पण हेच सांगायचे आणि त्यांचं जुन्या टॅक्सीच्या काळात खपून जायचं, तेव्हा ईसीयू नव्हता, ईजीआर नव्हता, इंजिन अर्धं झिजलं तरी ओढत न्यायचे. आता नाही चालत. आणि गंमत अशी की याने घाटात गाडी उलटी तापते. दादरच्या एका गिऱ्हाईकाने सेकंड हँड एसयूव्ही घेतली, सपाटीला ६५ आणि कसारा घाटात थेट लाल. सगळे म्हणत होते रेडिएटर चोंदलाय. हाऊसिंग उघडलं तर आत काहीच नाही, रिकामं. बऱ्याच थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात, एक रेडिएटरचा रस्ता उघडते तेव्हा दुसरी आतल्या आत फिरणाऱ्या पाण्याचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर तो आतला रस्ता कायम उघडा, मग घाटात जेव्हा सगळं पाणी रेडिएटरला जायला हवं तेव्हा त्यातला मोठा वाटा आतल्या आत गरमागरम फिरत राहतो. सपाटीला थंड आणि चढावाला गरम अशी गाडी दिसली की आधी हाऊसिंग उघडा, रेडिएटर नंतर.

समजा थर्मोस्टॅटच निघाला. जुना फेकू नका, तपासून बघा, दहा मिनिटं लागतात आणि खात्री पटते. सुटा थर्मोस्टॅट असेल तर टोपात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट त्यात लोंबकळत ठेवा, टोपाच्या बुडाला टेकू द्यायचा नाही कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं. स्वयंपाकाचं थर्मामीटर बाजूला सोडा, गॅस बारीक. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ वगैरे, त्या तापमानाला झडप किंचित सरकायला लागली पाहिजे, आणि पाणी उकळायच्या आत आठ-दहा मिलिमीटर उघडली पाहिजे. मग गॅस बंद करून गार होऊ द्या आणि ती परत पूर्ण मिटते का ते बघा, हेच बघायचं लोक विसरतात. तुमच्यासारख्या केसमध्ये ती मिटत नाही. उजेडाकडे धरली की कडेने चंद्रकोरीसारखी फट दिसते. एकदा मी असाच काढला तर झडपेत लाल सिलिकॉनची वाटाण्याएवढी गोळी अडकलेली, आधीच्या माणसाने हाऊसिंगला पॅकिंगच्या जागी ट्यूबभर सिलिकॉन फासलं होतं, त्याचा तुकडा सुटून आत गेला. थर्मोस्टॅट बिचारा चांगला होता, ती गोळी काढली आणि तोच परत बसवला.

नवा घेताना मूळ नंबरचाच घ्या. बऱ्याच छोट्या डिझेलमध्ये थर्मोस्टॅट हाऊसिंगसकट पूर्ण असेंब्लीच येते, सुटा मिळत नाही. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल, पण जुना पार्ट हातात घेऊन जा आणि आकडा जुळवून घ्या, दुकानदाराने कमी डिग्रीचा दिला आणि ‘हा अजून थंड ठेवेल’ म्हणाला तर नको म्हणा. स्क्रॅपमधून काढलेला थर्मोस्टॅट घेऊ नका, बाकी काहीही जुनं घ्या, हा नको.

बसवताना ॲल्युमिनियमचा फेस स्वच्छ, ओ-रिंग नवीन, बोल्ट हलक्या हाताने आळीपाळीने आवळा, छोटे बोल्ट असतात, प्लास्टिकचं हाऊसिंग तडकतं. त्यावर बारीक हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. कूलंट कंपनीने सांगितलेलंच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. नळाचं पाणी नको. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं पण बरेच जण म्हणतात, पण ते गंज थांबवतं आणि उकळायचा पॉईंट वर नेतं, ते मुंबईतही लागतंच. मग हीटर फुल गरमवर, ब्लीडरचा (हवा काढायचा) स्क्रू असेल तो ढिला, गाडीचं तोंड थोडं चढावर, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरा.

बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीवाल्यांसाठी दोन ओळी, तुमची बीएस४ आहे तुम्हाला लागू नाही. २०२० नंतरच्या बहुतेक डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्यातली काजळी जाळायला आतलं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास न्यावं लागतं आणि इंजिन पुरेसं गरम नसेल तर ईसीयू ते काम सुरूच करत नाही. म्हणजे थर्मोस्टॅट अडकला की काजळी साठत जाते, दिवा लागतो आणि लाखाच्या घरातला डीपीएफ बदला असं सांगणारे भेटतात. डीपीएफला हात लावायच्या आधी कूलंटचा आकडा बघायला सांगा.

तुमचं काम झालं की त्याच आठवड्यात इंजिन ऑईल आणि फिल्टर बदला, किलोमीटर झाले नसले तरी. दोन महिने थंड चाललंय, त्यात डिझेल उतरलेलं असणार. डिपस्टिकवर लेव्हल न टाकता वाढलेलं दिसलं किंवा ऑईलला डिझेलचा वास आला तर एक दिवसही थांबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत कूलंटचं लेव्हल परत बघा, अडकलेली हवा निघाली की ते थोडं खाली जातं, तेवढं भरा. आणि मग परत चेंबूर ते पी. डिमेलो रोड, तोच रस्ता, तोच स्पीड, दोन्ही टोकांचे आकडे लिहून मला कळवा. ८५ च्या खाली आले तर आधी नवीन पार्टवरचा आकडा काय होता तेही सांगा.